पहिला घोट खालच्याचा

आमचे आबा एकदा यंत्रमागाच्या खात्यात शिंकले तेव्हा ओळीतले सगळे माग बंद पडले आणि शेठ भरल्या ताटावरून उठून धावत आला, हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की आता माझाही त्यावर विश्वास बसत चाललाय. खरं एवढंच की त्याच क्षणी वीज गेली होती. पण वीज कशामुळे गेली हे कोणी पाहिलेलं नाही, म्हणून शिंकेवरचा हक्क मी अजून सोडलेला नाही. आबांनी मागाचा, धाग्यांनी भरलेला बीम एका हाताने तोलून दुसऱ्या हाताने बशीतला चहा संपवला, हेही मीच पसरवलं. पूर्वी हे सांगताना बीमचं वजन दर वेळी थोडं वाढवायचो. आता खांदे दुखतात, गोष्टीतलं वजनसुद्धा उचलवत नाही. तेव्हा या प्रकरणात जे लिहितोय ते बहुतेक जसंच्या तसं आहे. बहुतेक.

आम्ही धुळ्याकडचे. सुरतेच्या भेस्तानात पत्र्याच्या चाळीत एक खोली, आणि खोलीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून खातं. सुरतेत यंत्रमागांच्या शेडला खातंच म्हणतात. दिवसरात्र खडखड. ताटात वाढलेलं वरण आपोआप हलायचं, पाण्याच्या हंड्यावर सदा बारीक वर्तुळं उठायची, आणि भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी महिन्या-दोन महिन्यांत सरकत सरकत एकमेकांच्या अंगावर जायच्या. वीज गेली की त्या शांततेने दचकून चाळीतली तान्ही पोरं एकदम रडायला लागत. माय चुलीपुढे बसून कळण्याच्या भाकरी थापायची, ज्वारीत उडीद दळून केलेल्या, काळपट, जाड, मधे खळगा करून त्यात शेंगदाण्याचं तेल आणि तिखट. रविवारी शेवभाजी. तिचा रस्सा इतका लाल की पलसाण्याच्या डाईंगवाल्यांनी नमुना मागून न्यावा. मी त्या वयात किती भाकरी खायचो हे सांगत नाही, कारण या एका बाबतीत खरं सांगितलं तरी थाप वाटेल.

आबा बीम उचलायचे. बीम म्हणजे ताण्याच्या धाग्यांनी गच्च भरलेला लोखंडी रूळ, माणसाहून लांब, दोन्ही टोकांना बिडाच्या मोठ्या थाळ्या. तो टेम्पोतून उतरवायचा, अरुंद जिन्याने माडीवर चढवायचा आणि मागावर नेऊन बसवायचा. या कामाला चार माणसं लागतात. दोन वर, दोन खाली, आणि जिन्यावर सगळा भार खालच्यांवर येतो. आबा कायम खाली. त्यांच्या जोडीला भिकाकाका, आमच्याच गावचे, तोंडाने तिखट आणि अंगाने आंब्याच्या खोडासारखे. शेवटचा बीम चढला की चौघं अंगणात आडव्या पडलेल्या रिकाम्या बीमवर ओळीने बसत, ज्या क्रमाने उचललं त्याच क्रमाने, आणि दारूच्या प्लास्टिकच्या पोटल्या उघडत. गुजरातेत दारूबंदी आहे, हे आम्हाला पोटल्या आणून देणारा माणूसच हसत हसत सांगायचा. पहिला घोट खालच्याचा, हा नियम. त्यामागे एक शास्त्र होतं आणि सुरतेतला प्रत्येक बीमवाला ते शपथेवर सांगायचा. ओझ्याखाली अंग उघडं पडतं. बीम उतरला तरी ते उघडंच राहतं, त्यात वारा शिरतो, आणि मग माणूस सकाळी लाकडासारखा उठतो. दारू ते उघडं अंग मिटवते. जो जास्त उचलतो त्याचं अंग जास्त उघडं, म्हणून त्याला आधी. ही माणसं चैन म्हणून प्यायची नाहीत. आपण जशी जखमेवर हळद दाबतो, तशी ती पीत.

मिसरूड फुटल्यावर ओळीतल्या एकाचा खोकला वाढला की त्याच्या जागी मला बोलवत, आणि तो खोकला दर आठवड्याला वाढत होता. म्हणजे माझी पुढची चाळीस वर्षं त्या रिकाम्या बीमवर आखून ठेवलेली होती. तेवढ्यात हजीऱ्याहून बातमी आली. तिकडे एक मोठा कारखाना उभा राहत होता आणि त्यांना आगीच्या बंबावर तरणी माणसं हवी होती. कायमची नोकरी, गणवेश, राहायला क्वार्टर. भरती एकदाच, दिवाळीनंतर. परीक्षा अशी की वाळू भरलेलं, माणसाएवढं कॅनव्हासचं धूड खांद्यावर टाकून लोखंडी जिन्याने टॉवरच्या टोकापर्यंत चढायचं, उतरायचं, आणि बसायला न मिळता लगेच दोराला लटकायचं. मायने ते क्वार्टर कधी पाहिलं नव्हतं, पण त्यात सामान लावून झालं होतं. "तठे भिंत हालस का रे?" एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं, तिथे भिंती हलत नाहीत, तिथल्या भिंतींना हलायची परवानगीच नाही. ती खूप वेळ तव्याकडे बघत हसत होती.

मी गोविंद मास्तरांच्या तालमीत जायला लागलो. तालीम म्हणजे रेल्वेच्या बाजूला ताडपत्रीखाली एक मोकळी जागा. मास्तर परभणीकडचे, दिवसा पलसाण्याला कापड रंगवायचे, त्यामुळे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी किरमिजी. वजनं भंगारातून आणलेली, जुन्या बीमच्या बिडाच्या थाळ्या सळईला दोन्हीकडून अडकवलेल्या. म्हणजे आबा जिन्यावर जे उचलत तेच मी ताडपत्रीखाली उचलत होतो, फक्त मला त्याचे पैसे मिळत नव्हते. मास्तरांना स्वतःविषयी फार मोठं मत होतं. आपण गावच्या जत्रेत बैल खांद्यावर घेतला होता असं ते सांगायचे, आणि मी थापांचा जाणकार असल्यामुळे त्यांच्याविषयी मला आदर होता. संध्याकाळनंतर केळं खाल्लं तर हाड मऊ पडतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

मी उचलायला लागलो हे आबांना फार आवडलं. त्यांनी माझा खुराक स्वतःच्या हातात घेतला. रोज दिवेलागणीला पितळी पेल्यात दोन कच्ची अंडी, गुळाचा खडा, आणि वरून पोटलीतली चांगली चार बोटं. "तालमीत अंग उघडं पडस," म्हणायचे. "मिटाडाले नको का?" पेला माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी विष असतं तरी प्यायलो असतो. चवीने ते फार लांब नव्हतं. माय तोंड फिरवून भाकरी इतक्या जोराने थापायची की मागचं खातं ऐकू यायचं नाही. "तुन्हा बापले आंडोर नको, बैल पाहिजे," ती म्हणायची. आंडोर म्हणजे आमच्याकडे मुलगा.

पहिला महिना थाळ्या वाढत गेल्या. मग थांबल्या. मग एक थाळी काढावी लागली, आणि काढलेली परत घालता येईना. सकाळी तोंडाला कोरड पडलेली असायची, जिन्याच्या दोन पायऱ्या चढलो की पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि पहाटे खातं सुरूच असताना मी टक्क जागा व्हायचो, काही कारण नसताना, जसं कोणी हाक मारून लपून बसावं. पडल्या पडल्या झोप यायची ती दगडासारखी, पण उठल्यावर वाटायचं की झोपलो होतो तो दुसराच कोणी. मी आबांना सांगितलं की जोर कमी पडतोय. आबांनी काळजीने माझा दंड दाबून पाहिला आणि पेल्यात आणखी एक बोट वाढवलं.

माझा नातू यश आता एसी जिममध्ये जातो. घरी त्याचा पावडरीचा डबा आहे, त्यात अख्खा नातू मावेल एवढा. शनिवारी मित्रांबरोबर दमणला प्यायला जातो, रविवारी दुपारी डोळे सुजवून येतो, पावडर ढवळतो आणि तक्रार करतो की छाती वाढत नाही. एकदा त्यानेच मोबाईलवरून मला वाचून दाखवलं. व्यायामानंतर दारू घेतली की शरीर आधी ती निस्तरत बसतं, खाल्लेल्याचं मांस बनवायचं काम मंदावतं, पाणी निघून जातं, खोल झोप लागत नाही, आणि नेमकी त्या झोपेतच शरीराची डागडुजी व्हायची असते. छान वाचलं त्याने. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, "आजोबा, एक दिवस चालतं." या घराण्यात शिकवणी देऊन देऊन मी दमलोय, आणि त्याच्या वयात मला जे कळायला एक अख्खा पावसाळा लागला ते तो बोटाने वर सरकवून पुढे गेला.

मला ते असं कळलं. एक दिवस सळई माझ्या हातून सुटली आणि मास्तरांच्या पायापासून वीतभर लांब पडली. मास्तरांनी पाय पाहिला, सळई पाहिली, मग मला पाहिलं.

"खातोस काय तू?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. भाकरी, शेंगदाणे, अंडी, गूळ, आणि शेवटी आबांची चार बोटं, आता पाच. मास्तर हळूच खाली बसले, थाळीवरच. रंगाच्या वाफांनी त्यांचं नाक कधीच मेलेलं होतं, नाहीतर त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. तालमीतल्या बाकी सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यांना वाटत होतं की मास्तरांनीच सांगितलंय.

"अरे गाढवा," मास्तर म्हणाले, "तू इथं उचलतोस तेव्हा अंग बनतं असं वाटतं का तुला? इथं नुसते धागे तुटतात. विणकाम होतं रात्रपाळीला, तू झोपल्यावर. आणि त्या रात्रपाळीच्या कारागिराला तू रोज दारू पाजून पाडतोयस. मग सकाळी कापडाचा ताका कुठून निघणार?"

"पण अंग उघडं पडतं ते?"

"उघडं पडलं तर सदरा घाल."

केळ्याच्या बाबतीत हा माणूस चुकीचा होता, बैलाच्या बाबतीत बहुधा खोटा. पण खात्याच्या भिंतीला टेकून वाढलेल्या मला रात्रपाळी समजत होती. मालक झोपलेला असतो आणि कापड वाढत असतं, हे मी रोज कानांनी ऐकलं होतं.

आता प्रश्न होता तो पेल्याचा. आणि पेल्यापेक्षा ओळीचा, कारण त्या शनिवारी खोकणारे काका आले नाहीत आणि मला बोलावणं आलं. त्यात भिकाकाकांच्या मनगटाला लागलेलं, म्हणून ते वर, आणि जिन्यावर खाली आबांच्या जोडीला मी. बीम चढला. चौघं रिकाम्या बीमवर येऊन बसलो. आबांनी पोटलीचं टोक दातांनी तोडलं, आणि स्वतः न पिता माझ्याकडे धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पहिला घोट दुसऱ्याला दिला होता. पाहणाऱ्याला वाटलं असतं, एक म्हातारा होत चाललेला माणूस पोराला प्लास्टिकची पिशवी देतोय. पण माझ्या ओळखीच्या कुठल्याही राजाने आपलं राज्य इतक्या सरळ हाताने दिलेलं नाही.

मी म्हटलं, "नको आबा. मास्तर नको म्हणतात. त्याने जोर जातो."

भिकाकाकांना तर असं काही हवंच होतं. "अरे वा, मास्तर का? मग काय दूध पेस का रे दिल्या? बाटली आणू का, वरून चोखणी लावीसन?" दिल्या म्हणजे मी. ओळीतला चौथाही हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी पोटली तशीच थोडा वेळ धरून ठेवली, मग भिकाकाकांकडे दिली. म्हणजे तो पहिला घोट त्या दिवशी वरच्या माणसाने घेतला. भिकाकाकांचंही हसू त्यावर थांबलं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत आबा माझ्याशी कामापुरतं बोलले. भांडण नाही, शिवी नाही. दिवेलागणीला पेला मात्र रोज भरायचे. अंडी, गूळ, पाच बोटं. माझ्यासमोर ठेवायचे, स्वतः दाराकडे तोंड करून बसायचे. मी भाकरी खायचो, पाणी प्यायचो, पेल्याला हात लावायचो नाही. मग भांडी घासायच्या वेळी ते उठायचे आणि उभ्या उभ्या तो पेला स्वतः संपवायचे, अंड्यांसकट, तोंड वाकडं करत. अन्न टाकवत नव्हतं त्यांना. आमच्या भांडणात खुराक माझा आणि मळमळ त्यांची, असं चाललं होतं. माय एकदा मला म्हणाली, "तू तरी पी, नहीतर तो तरी नको पेवाले. कोनी एक तरी शहाना व्हा." कोणी झालं नाही.

आणि इकडे थाळ्या चढत गेल्या. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. दोन आठवड्यांत पहाटेची ती जाग बंद झाली. मी असा झोपायचो की एकदा वीज गेली, चाळीतली सगळी पोरं रडली, आणि मला सकाळी कळलं. काढलेली थाळी परत गेली, तिच्यावर आणखी एक. मास्तर निळ्या हातांनी माझी पाठ थोपटायचे आणि सदऱ्यावर पंजा उमटायचा. माय तो घासून काढायची आणि मास्तरांच्या सात पिढ्यांचं भलं चिंतायची, तिच्या पद्धतीने.

हजीऱ्याला जायच्या दिवशी मी चप्पल घालत होतो, तर आबा बाहेर उभे, धुतलेला सदरा घालून. "चाल," एवढंच म्हणाले. बस बदलत, शेवटी धुळीच्या रस्त्याने पायी, आम्ही बाप-लेक गेलो. फाटकापुढे उमेदवार जमलेले. त्यातला एक असा होता की त्याच्या सावलीत दोन रिक्षा उभ्या राहिल्या असत्या. एक कुस्तीतला होता, त्याच्या कानांच्या जागी भजी होती. आबांना आत सोडलं नाही. ते तारेच्या कुंपणाला धरून उभे राहिले, आणि मला कळलं की ते माझ्याकडे बघत नाहीयेत, त्या वाळूच्या धुडाकडे बघताहेत. नजरेने तोलत होते.

माझी पाळी आली. धूड खांद्यावर घेतलं आणि पहिल्याच पायरीला मला ओळख पटली. हा बीमच होता, फक्त त्याला हातपाय शिवले होते. जिन्यावर भार कुठे ठेवायचा, कंबर कधी वळवायची, श्वास कुठल्या पायरीला सोडायचा, हे मला कुठल्या मास्तराने शिकवलं नव्हतं. ते आबांच्या शेजारी उभं राहून अंगात आलं होतं. सावलीवाला पैलवान मधेच बसला होता, मी त्याला ओलांडून वर गेलो. वरून खाडी दिसली, बोटी दिसल्या, आणि कुंपणाला लागलेला एक पांढरा ठिपका. खाली उतरलो, दोराला लटकलो. पोटरीत गोळा आला नाही. हात सुटला नाही. लटकून इतका वेळ झाला की साहेब म्हणाले, "बस, उतर आता." ही थाप नाही. बाकी सगळं हवं तर वजा करा, एवढं राहू द्या.

नाव पुकारलं गेलं. बाहेर आलो. आबांनी सगळं पाहिलं होतं. नुसता माझा दंड दाबून पाहिला, तसाच, काळजीने.

भेस्तानला पोचलो तेव्हा पाळी सुटत होती आणि भिकाकाका बाकीच्यांबरोबर रिकाम्या बीमवर बसले होते. बातमी ऐकून त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला, तो फसला. मग पोटली काढली. "आज तरी ले रे. आज नही तर कव्हय?"

मी काही बोलायच्या आत आबांनी मधे हात घातला. "त्याले नको," ते म्हणाले. "त्यान्हं अंग आजून बनी राह्यनं."

"आनि तुन्हं?" भिकाकाकांनी विचारलं.

"मन्हं बनी गयं." असं म्हणून आबांनी पोटली घेतली आणि पहिला घोट घेतला. ओळीत कोणी हसलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसून होतो, माझ्या जागेवर, रिकाम्या हातांनी, आणि कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

घरी जायचा रस्ता चार पावलांचा. अर्ध्यावर आबा थांबले. खातं खडखडत होतं, म्हणून मला वाकून ऐकावं लागलं. ते माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत बोलत होते.

"मंग मी कधी पेतूच नही, तर कितलं उचलतू रे?"

आजवर मी या माणसाच्या शिंकेने माग बंद पाडले होते, एका हातात बीम दिला होता. सांगायला काय, मी म्हणू शकलो असतो की आबा, तुम्ही अख्खं खातं शेठसकट उचलून हजीऱ्याला नेलं असतं. जीभ तयार होती. पण मी त्यांचे खांदे पाहिले, एक दुसऱ्यापेक्षा खाली गेलेला, आणि इतक्या वर्षांतल्या सगळ्या संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून चालल्या आहेत असं मला दिसलं.

"तितलंच, आबा," मी म्हटलं. "तितलंच उचललं असतं."

जन्मात एवढी लहान थाप मी दुसरी मारली नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या थापा त्यांच्याइतक्या कोणाला ओळखू येत नसत.

"हां," ते म्हणाले. "तितलंच." आणि दार ढकलून आत गेले.